विश्लेषण : विधिमंडळाच्या कामकाजात आपल्या गावचा प्रश्न कसा शोधायचा?

पावसाळा तोंडावर आला की सांगलीत अलमट्टीची चर्चा सुरू होते. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या शहरात, मग ते गावभागातले घर असो वा विश्रामबागमधली सोसायटी, ‘सरकारने सभागृहात नेमके काय सांगितले होते?’ हा प्रश्न निघतोच. त्याचे उत्तर विधिमंडळाच्या कार्यवाहीत असते आणि ती घरबसल्या पाहताही येते. मात्र शोधपेटीत एक शब्द टाकून ते हाती लागेलच असे नाही.

कार्यवाही म्हणजे काय?

विधानसभा आणि विधान परिषदेत बोलला गेलेला प्रत्येक शब्द प्रतिवेदक टिपून घेतात. आधी तयार होते ती ‘असुधारित प्रत’. दुरुस्त्या होऊन अंतिम कार्यवाही नंतर निघते. अध्यक्ष किंवा सभापतींनी कामकाजातून काढून टाकलेले शब्द मात्र अंतिम कार्यवाहीत राहत नाहीत. त्यामुळे थेट प्रक्षेपणात ऐकलेले एखादे वाक्य नोंदीत सापडले नाही, तर शोध चुकला असेच समजायचे कारण नाही.

सूची कशावर आधारलेली असते?

कामकाजाची मांडणी सभागृह, अधिवेशन, तारीख आणि संसदीय आयुध यांनुसार असते. म्हणून विषय कोणत्या मार्गाने मांडला गेला, हे आधी ठरवावे. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी असते. विधानसभेत लक्षवेधी सूचना नियम १०५ नुसार, तर व्यापक चर्चा नियम २९३ नुसार होते. अधिवेशनही आठवावे. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन साधारणपणे मुंबईत, तर हिवाळी नागपुरात होते. वर्ष, अधिवेशन आणि आयुध कळले की हजारो पानांतून काही डझन पानेच पाहावी लागतात.

‘अलमट्टी’ की ‘आलमट्टी’?

धरणाचे नाव दोन्ही प्रकारे लिहिले जाते. यंत्राच्या दृष्टीने मात्र हे दोन वेगळे शब्द. ‘विश्रामबाग’ आणि ‘विश्राम बाग’ यांचेही तेच. कागदाची नुसती छायाप्रत चढवली असेल किंवा मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये असेल, तर बरोबर शब्दही सापडत नाही. अशा वेळी विषयाची इतर नावे वापरावीत: कृष्णा खोरे, पूरनियंत्रण, पूररेषा, वडनेरे समिती. खात्यांची नावेही बदलली आहेत. आजचे जलसंपदा खाते पूर्वी पाटबंधारे खाते होते. आकडेही उपयोगी पडतात. धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास दुसऱ्या कृष्णा पाणीवाटप लवादाने २०१० मध्ये मुभा दिली, तेव्हापासून वादात हेच आकडे पुन्हा पुन्हा येतात.

जुन्या नोंदी शोधताना काय अडते?

१९४९ ते १९६० या काळात ‘सांगली जिल्हा’ शोधला तर फारसे काही मिळणार नाही, कारण तेव्हा त्याचे नाव ‘दक्षिण सातारा’ होते. राज्यही १ मे १९६० पूर्वी मुंबई होते.

रोजगार हमी योजनेचे उदाहरण आणखी बोलके आहे. या योजनेचे जनक वि. स. पागे तासगाव तालुक्यातील विसापूरचे. तिचा प्रयोगही याच तालुक्यात झाला. पण पागे १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती होते. सभापती पीठासीन असल्याने इतर सदस्यांसारखी भाषणे करत नाहीत. नोंदीतही पीठासीन अधिकाऱ्याचा उल्लेख बहुधा पदनामाने येतो. म्हणजे केवळ त्यांच्या नावाने शोधणारा रिकाम्या हाती परतू शकतो. कायदा शोधावा तर त्याच्या नावात १९७७ आहे, क्रमांक मात्र १९७८ चा विसावा आणि अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. चर्चा हवी असेल तर विधेयकाचे वर्ष धरावे, कायद्याच्या क्रमांकाचे नव्हे.

सापडलेल्या उत्तराचे करायचे काय?

मंत्र्यांचे ‘तपासून पाहू’ आणि ‘तीन महिन्यांत करू’ यांत मोठा फरक असतो. सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. तारीख आणि प्रश्न क्रमांक हाती असेल तर नागरिकाला आपल्या आमदाराकडे नेमकी विचारणा करता येते. माहिती अधिकाराचा अर्जही मोघम राहत नाही. शिवाय सभागृहाच्या कामकाजाचे बऱ्याच अंशी खरे वृत्त, द्वेषबुद्धी नसेल तर, प्रसिद्ध करण्यास राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६१-अ चे संरक्षण आहे.

पुढे काय व्हायला हवे?

ब्रिटनच्या संसदेतील १८०३ पासूनची भाषणे आज शब्दानुसार शोधता येतात. भारतात संसदेचे डिजिटल ग्रंथालय आहे, तर राज्यांच्या विधिमंडळांसाठी ‘नेवा’ ही राष्ट्रीय प्रणाली आहे. मराठीत खरी गरज आहे ती वाचता येण्याजोग्या मजकुराची आणि पर्यायी लेखन, जुनी नावे, खात्यांची नामांतरे एकमेकांना जोडणाऱ्या सूचीची. कार्यवाही खुली असूनही सापडत नसेल, तर दिलेला शब्द पाळला गेला की नाही, हे पुढच्या पुरापर्यंत कोणालाच पडताळता येत नाही.