आमचा तू आणि त्यांचा तू

कोल्हापुरात ‘तू’ म्हणजे अपमान नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. बाहेरचा माणूस संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभा राहिला तर त्याला वाटेल, इथं सगळ्यांची भांडणंच चाललीत. “काय गा, कुठं उलथला हुतास?” असं विचारणारा आणि ऐकणारा एकाच तालमीतले असतात. ऐकणारा त्याहून वरचढ काहीतरी परत करतो, मग दोघं ग्लास तोंडाला लावतात. पुण्यातल्या रूममेटला मी पहिल्याच दिवशी “मर्दा” म्हणालो तेव्हा तो दोन पावलं मागं सरकला होता. याला आम्ही रांगडेपणा म्हणतो. टी-शर्टवर छापतो, रीलखाली लिहितो, लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा घालतो.

त्या ‘तू’शी माझं काही भांडण नाही. भांडण आहे ते परत करता येत नाही त्या ‘तू’शी.

गेल्या नोव्हेंबरात आठवडी बाजारात आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मोबाईल कुणीतरी शर्टाच्या खिशातून काढला. अकरा हजारांचा, सहा महिन्यांपूर्वी मीच घेऊन दिलेला. आबा त्रेसष्ट वर्षांचे. शिरोलीच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं लेथवर उभे राहिले. कुठल्याही सरकारी कचेरीत जायचं म्हटलं की इस्त्रीचा शर्ट घालतात, तसा तो घालून माझ्यासोबत पोलीस ठाण्यात आले. कुठलं ठाणं ते सांगत नाही. सांगून फार फरक पडेल असंही नाही.

टेबलामागचा ठाणे अंमलदार माझ्याच वयाचा, तिशीच्या आतबाहेरचा. मान वर न करता म्हणाला, “काय?”

“साहेब, मोबाईल चोरीला गेला.”

“चोरीला गेला का हरवला?”

“चोरीला. खिशातनं काढला.”

“तू बघितलास काढताना?”

“न्हाई, साहेब.”

“मग चोरीला कशावरनं? गहाळ म्हणून लिहून दे. दाखला मिळंल. सिमकार्ड चालू करून घे आणि जा.”

त्रेसष्ट वर्षांचा माणूस ‘साहेब’ म्हणत होता आणि तिशीतला माणूस ‘तू’. आबांनी माझ्याकडं बघितलं. शाळेत पोराला वर्गाबाहेर काढल्यावर ते जसं बघतं, तसं काहीसं. मी म्हणालो, “अहो, वडील आहेत माझे.” उत्तर आलं, “मग मी काय शिवी दिली काय?”

नव्हतीच दिली, हे खरं. आमच्या गावात तर शिवीनंही कुणी फार दुखावत नाही. पण दूध कट्ट्यावरचा ‘तू’ दोन्ही बाजूंनी चालतो. या टेबलावरचा एकाच बाजूनं चालतो. आबांनी उलट “तू मान वर करून बोल की जरा” म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते तुम्हालाही ठाऊक आहे. ज्याला परत ‘तू’ म्हणायची सोय नाही त्याला ‘तू’ म्हणणं हा माज. त्याला रांगडेपणाचं नाव देऊ नका.

आता ‘गहाळ’विषयी. कायदा इथं गुळमुळीत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की फिर्याद नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे.  नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतल्या मालाची चोरी अदखलपात्र केली आहे, पण अकरा हजार हे पाच हजारांपेक्षा जास्त असतात. तरी ‘गहाळ’. कारण सोपं आहे. चोरी लिहिली की गुन्हा वाढतो, तपास लागतो, महिन्याच्या बैठकीत साहेब विचारतात. गहाळ लिहिलं की चूक मोबाईलवाल्याची. त्यानंच कुठंतरी टाकला.

मग अधूनमधून पेपरात फोटो येतो. लांब टेबलावर पन्नास-साठ मोबाईल मांडलेले, मागं अधिकारी, बाजूला हसरे मालक, आणि मथळा: गहाळ मोबाईल मूळ मालकांना परत. सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर आयएमईआय क्रमांक नोंदवला की त्या हँडसेटमध्ये दुसरं सिम पडताच तो सापडू शकतो, आणि हे काम पोलीस खरंच करतात. मोबाईल परत मिळाला की आनंद होतो, त्यात खोट नाही. पण तो फोटो छापणाऱ्या एकाही बातमीदाराला असा प्रश्न पडू नये का, की साठ माणसांचे साठ मोबाईल आपोआप गहाळ झाले आणि ते सगळे दुसऱ्या कुणाच्या तरी खिशात जाऊन आपोआप चालूही झाले? कोल्हापुरात चोर नाहीतच, नुसती विसराळू माणसं राहतात?

असो. खरी गोष्ट पुढं आहे.

अर्ज लिहीपर्यंत आम्हाला बाकड्यावर बसवलं होतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून एका पोराला बाहेर आणलं. एकोणीस-वीसचा असेल. वाढदिवसाला तलवारीनं केक कापला आणि त्याची रील टाकली, एवढं बोलण्यावरून कळलं. त्याला भिंतीपाशी उभं केलं. भिंतीवर महाराष्ट्र पोलिसांचं ब्रीद, ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’. समोर एका पोलिसाचा मोबाईल आणि शेजारी एका यूट्यूब चॅनेलचा पोरगा, चॅनेलचं नाव लिहिलेला माईक घेऊन. पोरानं हात जोडून म्हणायचं होतं की माझी चूक झाली, मी पुन्हा असं करणार नाही, तुम्हीही करू नका. पहिल्यांदा तो घाबरून हसला. परत घेतलं. दुसऱ्यांदा माईकवाला म्हणाला, “आवाज येईना, मोठ्यानं.” तिसऱ्यांदा जमलं.

हे सगळं मी मजेनं बघत होतो, हे कबूल करतो. त्याच्या महिनाभर आधी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, नाशिक पोलिसांनी पकडलेल्यांकडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ असं कॅमेऱ्यासमोर वदवून घेतलं होतं. त्या रील्स महाराष्ट्रभर फिरल्या. मीही दोन-तीन फॉरवर्ड केल्या. एका ग्रुपवर तर “आपल्याकडं पण पायजे राव हे” असं लिहून खाली आगीची चिन्हं टाकली होती. त्या नाशिकच्या पकडलेल्यांत राजकीय पक्षांची माणसंही होती, म्हणून लोकांना जास्तच बरं वाटलं. मलाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन आला. “आबास्नी कशाला पकडलंय?”

त्या व्हिडिओत हात जोडलेल्या पोराच्या मागं बाकडं दिसत होतं. बाकड्यावर आबा, मान खाली, हातात आधार कार्डाची झेरॉक्स. मी कडेला, फ्रेमबाहेर. वर लाल पट्टी: ‘भाईगिरी उतरली! खाकीचा दणका’. खाली साडेतीनशे कमेंटी. बहुतेक त्या पोराला. पण मधेच एक: ‘मागचा म्हातारा पण त्यातलाच दिसतोय.’ त्याखाली हसणारे चेहरे. आणखी एक: ‘बापाला पण दोन द्या, संस्कार केले असते तर ही वेळ आली नसती.’

आबा त्या पोराचे बाप नव्हते. माझे होते. त्यांचा मोबाईल चोरीला गेला होता, म्हणून ते तिथं होते.

मी चॅनेलवाल्याला फोन केला. तो उद्धट नव्हता, हे सांगायला हवं. “दादा, व्हिडिओ चाललाय, आता कसा काढू? चेहरा ब्लर करायचा तर परत अपलोड करायला लागतोय, व्ह्यूज जातात. दोन दिवसांनी बघतो.” दोन दिवसांनी त्यानं फोन उचलला नाही. हे ते शहर आहे जिथं ७ जून २०२३ ला मोबाईलवरच्या काही स्टेटसवरून दगडफेक झाली, अश्रुधुराच्या नळकांड्या फुटल्या, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. काही सेकंदांच्या मजकुरानं काय होतं ते आम्हाला पुस्तकातून शिकायची गरज नाही. तरी “व्हिडिओच तर आहे” हे वाक्य इथं अजून बिनदिक्कत बोललं जातं.

भारतीय न्याय संहितेचं कलम ४ काढून बघा, मोबाईलवर मिनिटात सापडेल. त्यात शिक्षांचे सहा प्रकार दिलेत: मृत्युदंड, जन्मठेप, कारावास, मालमत्ता जप्ती, दंड आणि समाजसेवा. त्यात धिंड नाही. कॅमेऱ्यासमोर हात जोडणं नाही. तलवार नाचवणं गुन्हा असेल तर त्याला शस्त्र कायदा आहे, न्यायाधीश आहे, शिक्षा आहे. ती शिक्षा कधीतरी संपते. व्हिडिओ संपत नाही. उद्या तो पोरगा नोकरी मागायला गेला की मालक आधी नाव टाकून शोधणार.

आणि पेपरवाल्यांनी यूट्यूबवाल्यांकडं बघून नाक मुरडू नये. गुन्हेवृत्ताची भाषाच बघा. रिक्षावाल्यावर, हमालावर आरोप असला की ‘याने’: ‘संशयित अमुक याने पलायन केले’. तोच आरोप डॉक्टरवर, बिल्डरवर, माजी नगरसेवकावर असला की ‘यांनी’. दोघांवरही गुन्हा शाबित झालेला नसतो. एकवचन की अनेकवचन, हे पुराव्यावर नाही, माणसाच्या ऐपतीवर ठरतं. मी बरीच वर्षं गुन्हेवृत्त वाचतोय, पण हे डोक्यात शिरायला आबांना बाकड्यावर बसलेलं बघावं लागलं. याच गावात माधवराव बागलांचे वडील खंडेराव बागल ‘हंटर’ नावाचं पत्र चालवायचे. हंटर कुणावर उगारायचा याचा तेव्हा काही विचार असावा. आता तो हात जोडून उभ्या असलेल्यावर उगारतात, कारण त्याचा वकील नसतो आणि त्याची जाहिरातही नसते.

शाहू महाराजांचं नाव आम्ही भाषणात पाच मिनिटांत दहा वेळा घेतो. त्यांनी १९१८ साली संस्थानातली हजेरीची पद्धत बंद केली. काही जातींच्या माणसांनी रोज गावकामगारापुढं उभं राहून ‘मी चोरी करायला गेलो नव्हतो’ एवढं नुसतं असण्यानं सिद्ध करायचं, अशी ती पद्धत. जन्मानंच संशयित. महाराजांना त्यातला अपमान दिसला. आम्ही मात्र नवी हजेरी सुरू केलीय, उभी फ्रेम, एक मिनिट, खाली सबस्क्राईब करा.

पोलिसांची बाजू मला ठाऊक नाही असं नाही. माझा मामेभाऊ खात्यात आहे. गणपती, नवरात्र, जोतिबाची यात्रा, मंत्र्यांचा दौरा, सामना, मोर्चा. चौदा-चौदा तास उभं राहायचं आणि वरचा साहेब सगळ्यांसमोर “ए, तुला अक्कल आहे का” म्हणणार. मुंबईत २०१६ साली देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तो एका शिपायानंच सुचवलेला. त्याची बातमी वाचून मामेभाऊ म्हणाला होता, “आमच्याकडं आलं की सांग.” वरून आलेला ‘ए’ खाली सरकवल्याशिवाय त्यालाही जेवण जात नसेल. कारण म्हणून हे मला पटतं. पण आबांनी तो का झेलायचा, हे कळत नाही.

आम्ही पुढं काय केलं ते सांगतो, कारण ते तुमच्याही उपयोगी पडेल. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार तीच तक्रार लेखी, टपालानं जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जाता येतं. मी एका पानाचा अर्ज टाईप करून पोस्टानं पाठवला. खाली एक ओळ जादा लिहिली: ठाण्यांत आवाजासह सीसीटीव्ही असावा आणि चित्रण अठरा महिने जपावं असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे, तरी त्या दिवशीचं चित्रण जपून ठेवावं. नवव्या दिवशी फोन आला. तोच आवाज. “अहो काका आहेत का? त्यांना घेऊन या की, फिर्याद घेतो. चहा घ्या आमच्याकडं.”

आबा फोनवर ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, “येतंय की ह्याला अहो म्हणायला.”

फिर्याद झाली. प्रतही फुकट मिळाली, कायद्यात आहे तशी. मोबाईल अजून मिळालेला नाही, तो भाग वेगळा.

व्हिडिओ अजून तिथंच आहे. आबा पूर्वी सकाळी रंकाळ्यावर फेरी मारून कट्ट्यावर बसायचे, आता थेट घरी येतात. कुणी काही बोललं का विचारलं तर “न्हाई” म्हणतात. त्या पोराचं काय झालं ते मला माहीत नाही. मीही शोधलं नाही. मागच्या आठवड्यात मी त्या व्हिडिओखाली कमेंट लिहिली: ‘मागे बाकड्यावर बसलेले माझे वडील आहेत. ते आरोपी नाहीत, तक्रार द्यायला आले होते.’ त्याला चार लाईक आले. आणि एक उत्तर: ‘मग बसला कशाला तिथं?’