मध रवाळ झाला, म्हणून टाकू नका!

विश्रामबागेतल्या आमच्या अंगणातला शेवगा फुलला, की सकाळी ऊन पडायच्या आत त्याच्यावर गुणगुण सुरू होते. धुणं वाळत घालताना मी ती ऐकते आणि दरवर्षी मला माझी एक चूक आठवते. आज तीच तुम्हांला सांगायची आहे. चैत्र-वैशाख हा मधाचा मोसम. तुमच्यापैकी कितीतरीजणी आता वर्षाचा मध भरून ठेवतील. माझ्या हातून झालं ते तुमच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आमच्या एक चुलत जाऊबाई महाबळेश्वर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात. वयानं माझ्याहून मोठ्या. घरामागे दहा-बारा मधपेट्या आहेत. दर वैशाखात येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर दोन बाटल्या मध न चुकता धाडायच्या. एका वर्षी पौषात पाहते तो काय, बरणीतला मध तळापासून पांढरट झालेला, अगदी तुपासारखा रवाळ! त्यातच कुणीतरी कानाशी लागलं, ‘पावसाळ्यात त्यांच्याकडे साखरेचं पोतं येतं हो, मी डोळ्यांनी पाहिलंय.’ झालं! माझ्या मनात पाल चुकचुकली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चार बायका जमल्या होत्या. त्यांच्यासमोर मी बोलून गेले, ‘घरचा म्हणून विश्वासानं घ्यावा, तर त्यातही साखर!’ आणि बरणी मोरीत रिकामी केली.

अशा गोष्टी पोचायला टपाल लागत नाही. पुढच्या वैशाखात बाटल्या आल्या नाहीत. जाऊबाईंनी एका शब्दानं मला विचारलं नाही. ते न विचारणंच मला फार लागलं.

मग एका चैत्रात लग्नाच्या निमित्तानं त्या बाजूला जाणं झालं. सांगलीहून सातारा, तिथून मेढ्यावरून घाट चढून वर. वर गेल्यावर हवाच बदलली. जांभळाची झाडं बारीक पांढऱ्या फुलांनी भरलेली, आणि त्या फुलोऱ्यात आमच्या शेवग्यावरचीच गुणगुण, पण शंभरपट! जाऊबाईंनी चहा दिला, पण बोलणं बेताचंच. मग म्हणाल्या, ‘आलाच आहात तर चला, पेट्या बघा.’

त्यांच्याकडच्या माश्या सातेरी जातीच्या. कड्यावर मोठं पोळं लावणारी ती आग्या माशी निराळी, ती पेटीत राहत नाही. सातेरी मात्र अंधाऱ्या ढोलीत राहणारी, म्हणून लाकडी पेटीत नांदते. जाऊबाईंनी धुराड्यातून जरासा धूर दिला आणि एक चौकट अलगद वर उचलली. फुलातला रस पाण्यासारखा पातळ असतो. माश्या तो पेटीत आणून पंखांनी वारा घालून आटवतात. तो पुरता आटला, की घरावर मेणाचं झाकण लावतात. झाकण लागल्याशिवाय जाऊबाई चौकट काढत नाहीत. कच्चा मध टिकत नाही. झाकणं सुरीनं खरवडून चौकट यंत्रात फिरवायची. मध बाहेर येतो आणि पोळं न मोडता माश्यांना परत मिळतं. एक कामकरी माशी या धावपळीत जेमतेम सहा आठवडे जगते आणि जन्मभरात चहाच्या चमच्याचा बारावा हिस्सा मध करते. मी मोरीत ओतलेली बरणी तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

वसंतात त्यांच्या घरात आणखी एक गंमत चालते. नवी राणी तयार होऊ लागली, की जुनी राणी निम्म्या माश्या बरोबर घेऊन बाहेर पडते आणि भरलं घर नवीच्या हवाली करते. जाऊबाई पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, ‘बघा, सासू घर सोडून जाते, किल्ल्या सुनेकडे! आपल्यात आहे का कुणाची छाती?’

घरात परतलो तर दाराआड साखरेचं पोतं होतंच. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली. शांतपणे म्हणाल्या, ‘इथं पावसाळा चार महिने कोसळतो. माश्यांना बाहेर पडता येत नाही. त्यांचा साठा आपण काढून घेतला, मग पावसात त्यांना उपाशी मारायचं का? तेव्हा साखरेचा पातळ पाक पेटीत ठेवतो. त्या दिवसांत मध काढत नाही.’

मी हात धरून माफी मागितली. ‘रवाळ झाला म्हणून टाकलात ना? अहो, थंडीत मध गोठतोच,’ इतकंच त्या म्हणाल्या आणि निघताना दोन बाटल्या माझ्या पिशवीत घातल्या.

तर मैत्रिणींनो, मधात दोन प्रकारच्या साखरा मुळातच असतात. त्यांतली ग्लुकोज थंडीत रवा धरते. साधारण १४ अंशांच्या आसपास हे लवकर होतं. कुठला मध किती गोठेल, ते फुलाफुलावर अवलंबून असतं. अशी बरणी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा, मध पुन्हा पातळ होतो. थेट आचेवर नको, वासही जातो आणि चवही. फ्रीजमध्ये मुळीच ठेवू नका.

आता शुद्धतेची परीक्षा. पाण्याच्या ग्लासात थेंब सोडणं, काडी मधात बुडवून पेटवणं, हे आपण सगळ्याजणी करतो. पण साखरेचा दाट पाकही या परीक्षांत पहिला येतो! २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रानं १३ ब्रँडचा मध तपासून घेतला, तेव्हा सगळ्या चाचण्यांत फक्त ३ उतरले. म्हणून ओळखीच्या मधपाळाकडून किंवा मधोत्पादकांच्या सहकारी सोसायटीकडून घ्यावा. दारावर बादलीत पोळ्याचे तुकडे घालून येणाऱ्याला लांबूनच नमस्कार. महाबळेश्वरला राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. जवळचं मांघर हे गाव तर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं.

बरणीत ओला चमचा कधीही घालू नका. चांगल्या मधात पाणी शेकडा २० पेक्षा कमी असतं, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो. पाणी वाढलं की यीस्ट कामाला लागतं, फेस येतो, आंबूस वास सुटतो. हेच मुद्दाम, नीट प्रमाणात केलं, की ‘मीड’ नावाचं मद्य होतं. पुण्यात आणि नाशकात ते आता रीतसर परवाना काढून करतात. नाशिकचा कारखाना तर दोन स्त्रियांनी उभारला आणि नाव दिलं ‘सेराना’, म्हणजे आपल्या सातेरीचंच शास्त्रीय नाव! ‘मीड’ आणि आपला ‘मधु’ हे शब्दही मूळचे एकाच घरचे. पण बरणीत फेस दिसला म्हणून आपल्या स्वयंपाकघरात कारखाना निघाला असं समजू नका. तो मध बिघडला.

शेवटचं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं. बारशाला बाळाच्या जिभेवर मधाचं बोट लावायची आपल्याकडे चाल आहे. बाळगुटीही मधात उगाळतात. हे करू नका. मधात कधीकधी एका जंतूची बीजं असतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. बाळ मलूल होतं, अंग ढिलं पडतं, श्वासावर बेततं. मध शुद्ध असला तरी हा धोका राहतो, आणि उकळूनही ती बीजं मरत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना राग येईल, मला ठाऊक आहे. त्यांना माझ्या जाऊबाईंचं उदाहरण द्या. घरात डबे भरून मध, पण नातू वर्षाचा होईपर्यंत त्यांनी त्याला बोटभर मध चाटवला नाही. पहिल्या वाढदिवसानंतर मात्र स्वतःच्या हातानं दिला.

आणि हो, घरात मधुमेह असेल तर मध म्हणजे साखर नव्हे, अशी समजूत करून घेऊ नका.

परवा जाऊबाईंचा निरोप आला, जांभूळ फुललंय. मी बरण्या धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून ठेवल्या आहेत. तुमच्या बरणीतला मध रवाळ झाला असेल, तर आज तिला कोमट पाण्यात बसवा. आणि त्यावरून कुणाला काही बोलून गेला असाल, तर तेही लगेच निस्तरा, बरं का!