पत्ता नसलेले दुवे

ग्रंथातील तळटीप वाचकाला लेखकाच्या आधारापर्यंत नेते. लेखक हयात नसला, प्रकाशनसंस्था बुडाली, तरी ग्रंथनाम आणि पृष्ठांक यांच्या बळावर तो आधार पडताळता येतो. आंतरजालावरील दुवा हे आम्ही तळटीपेचेच नवे रूप मानतो. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत जालाची योजना मांडली, तिचा गाभा विखुरलेली माहिती परस्परांशी जोडणे हाच होता.

आज मात्र अनेक संकेतस्थळांवर दुवा दिसतो, पण त्यात पत्ताच नसतो. पत्त्याच्या जागी नुसते हॅशचे चिन्ह असते आणि पुढचे सारे काम जावास्क्रिप्टवर सोपवलेले असते. स्क्रिप्ट चालली तर लेख उघडतो. न चालली तर वाचक टिचक्या मारत बसतो. असा दुवा नव्या खिडकीत उघडला, तर तेच पान पुन्हा समोर येते. नुसत्या शब्दालाच दुव्याचे सोंग दिले असेल, तर मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर विसंबणाऱ्या अंध वाचकाला तेथे दुवा आहे, हेही कळत नाही.

‘हल्ली स्क्रिप्ट बंद ठेवतो कोण?’ हा प्रतिवाद उथळ आहे. वाचकाने बंद न करताही स्क्रिप्ट अडते: जोडणी मध्येच तुटते, फाइल अर्धवट उतरते, एका चुकीने पुढचे सारे थांबते.

स्क्रिप्टशी आमचे वैर नाही. क्रम चुकतो, एवढेच आमचे म्हणणे. २००३ साली स्टीव्हन चॅम्पियन आणि निक फिंक यांनी ‘प्रोग्रेसिव्ह एनहान्समेंट’ या नावाने योग्य क्रम मांडला: आधी पाया, मग सजावट. दुव्यात खरा पत्ता लिहावा आणि त्या पत्त्यावर पूर्ण पान ठेवावे. त्यानंतर स्क्रिप्टने टिचकी अडवून, पान न बदलता मजकूर खुशाल आणावा. स्क्रिप्ट आलीच नाही, तर अडवणारेही कोणी नसते. ब्राउझर वाचकाला थेट त्या पानावर नेतो.

साहित्याच्या अभ्यासकांनी हा तंत्रज्ञांचा प्रश्न म्हणून झटकू नये. ज्याला पत्ता नाही, तो आधार प्रबंधात नोंदवायचा कसा आणि परीक्षकाने पडताळायचा कसा? तेव्हा आपल्या संस्थेचा संग्रह जालावर येत असेल, तर एकच प्रश्न विचारावा: स्क्रिप्ट बंद केल्यावर हा दुवा कुठे जातो? ‘कुठेच नाही’ असे उत्तर आले, तर ते काम परत पाठवावे.