दप्तरातल्या गोष्टी : ऐन मिशीत मोडणारं लीड

दोस्तांनो, वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढणारी मंडळी प्रत्येक वर्गात असतात. हत्ती, क्रिकेटपटू, झालंच तर गणिताच्या सरांच्या मिश्या! आणि ऐन मिशीत ‘कट्’! पेन-पेन्सिलचं लीड मोडतं. मग घरची मंडळी म्हणतात, ‘तुझा हातच जड!’

हाताला उगीच बोल लावू नका. नेहमीच्या पेन-पेन्सिलमधलं ०.५ मिलिमीटरचं लीड असतं अक्षरांसाठी आणि भूमितीच्या आकृत्यांसाठी. चित्रात छटा भरताना आपण पेन्सिल आडवी धरून दाबतो, तेव्हा ते बिचारं वाकतं. आता गंमत पाहा. एकाच मिश्रणाचं लीड दुप्पट जाड असेल, तर ते वाकवून मोडायला दुप्पट नव्हे, आठपट जोर लागतो. हे घनाचं गणित, बरं का! म्हणजे ०.५ ऐवजी २ मिलिमीटर घेतलं, तर चौसष्टपट!

सहावी-सातवीपर्यंतच्यांनी ०.९ घ्यावं. धार करावी लागत नाही आणि लिहायलाही चालतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्यांना मात्र मी २ मिलिमीटरची क्लच पेन्सिलच सुचवीन. तिचं टोक बारीक केलं तर पापणीचा केस निघतो, आडवं फिरवलं तर अख्खी सावली. ५.६ मिलिमीटरचीही मिळते. खडूसारखी जाड. मोठ्या कागदावर मजा येते, पण वहीत डोळे काढायला गेलात तर नुसता डाग पडेल!

क्लच पेन्सिलची एक खोड सांगून ठेवतो. तोंडाशी पाकळ्यांची पकड असते. बटण दाबलं की पाकळ्या उघडतात आणि बऱ्याच पेन्सिलींतून सबंध लीड सुळ्ळकन खाली! म्हणून टोकाखाली बोट धरूनच बटण दाबायचं. साधं शार्पनर हिला चालत नाही. काही पेन्सिलींच्या बटणातच छोटं शार्पनर असतं, नाहीतर काचपेपरचा तुकडा आहेच.

लीड कोणतं? २बी. आपण ‘शिसपेन्सिल’ म्हणतो, पण आत शिसं नसतंच. असतं ग्राफाइट आणि चिकणमाती. हे मिश्रण भाजून लीड करण्याची युक्ती काँते या फ्रेंच गृहस्थांची, १७९५ सालची. लढाईमुळे इंग्लंडचं ग्राफाइट मिळेना, मग असलेलं पुरवून वापरायला हवं ना! माती जास्त असेल तर लीड कडक नि फिकं, ग्राफाइट जास्त असेल तर मऊ नि काळं.

आई-बाबांना एक विनंती. महागडी पेन्सिल घेण्याआधी तिच्या लीडची डबी त्याच दुकानात मिळते का, ते विचारा. नाहीतर लीड संपलं की पेन्सिल पडते कपाटात. आणि मुलांनो, दुकानातच कागदावर जरा दाबून बघा. लीड आत सरकलं, तर ती पेन्सिल सरळ परत ठेवा आणि दुसरी मागा.