रोहित्राकडे पाहणार कोण?
वर्ध्याच्या पॉवरग्रिडच्या ७६५ केव्ही उपकेंद्रातून छत्तीसगडची औष्णिक वीज पश्चिमेकडे जाते. अशा पारेषण स्तरावर फेजर मापक, म्हणजे उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवून दाब व प्रवाह सेकंदाला अनेकदा टिपणारी उपकरणे, बिघाडाची चाहूल देऊ शकतात. वितरणाचा स्तर मात्र बराचसा आंधळा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मुळे शेतपंपांसाठीची सौरवीज थेट ३३/११ केव्ही उपकेंद्रांना जोडली जात असून, दुपारी पंप बंद असल्यास ती एकेरी प्रवाहासाठी आखलेल्या यंत्रणेत उलट, वरच्या दाबाकडे वाहू शकते. म्हणून डिजिटल मापनाचा पहिला हक्क घरगुती प्रीपेड मीटरचा नसून कपाशीच्या शिवारातील रोहित्राचा, म्हणजे ११ केव्हीचा दाब पंपाजोगा उतरवणाऱ्या यंत्राचा, आहे.