अंगठा त्यांचा, वही सरकारची

#थ्रेड
१/ बारामती म्हटले की साखर कारखाने, नीरेचा कालवा आणि राजकारण आठवते. इंग्रजी अमलात येथे एक ‘सेटलमेंट’ही होती, हे मात्र स्थानिक इतिहासात क्वचितच लिहिले जाते. सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर येथेही अशा सेटलमेंट होत्या. ज्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, त्यांना पहाऱ्यात ठेवण्याच्या या वसाहती.

२/ १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यावरही आला. अमक्याने चोरी केली काय, हा प्रश्न त्यात गौण होता. तो कोणाच्या पोटी जन्मला, एवढे पुरे. पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा जमातींतील माणसांची नावे वहीत चढत, बोटांचे ठसे घेतले जात, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि हद्द ओलांडायची तर पास लागे. मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची तरतूदही होती. अमेरिकेतील वंशभेदावर तळमळीने लिहिणाऱ्यांनी हा कायदा एकदा तरी वाचावा.

३/ ‘पण त्यांच्यातले काही खरोखरच चोऱ्या करीत’ हे उत्तर ठरलेले असते. चोराला शिक्षा देण्यासाठी १८६० चा दंडविधान कायदा होताच. तो चोराला लागू होई. हा दुसरा कायदा तान्ह्या मुलाच्या भवितव्यालाही लागू होता.

४/ मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये रद्द झाला आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणूनच या जमाती ‘विमुक्त’, आणि त्यांचा विमुक्त दिन १५ ऑगस्टला नव्हे. पुढे १९५९ मध्ये मुंबई राज्याने ‘सराईत गुन्हेगार’ कायदा केला. अशा कायद्यांचा काच जुन्याच वस्त्यांना बसतो, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००७ मध्ये भारताला ते रद्द करण्यास सांगितले. इंदापूरच्या कडबनवाडीसारख्या माळांवर आज चिंकारा पाहायला पर्यटक जातात. अशाच माळांवर फासे लावून पोट भरणाऱ्या फासेपारध्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा ठरली. हरणे वाचली, हे चांगलेच झाले; पण फासे ठेवून हाती काय घ्यायचे, हे त्या कायद्यात नव्हते.

५/ जून १९९८ मध्ये बारामतीत एका पारधी माणसाचा पोलिस कोठडीत मृत्यू झाला. कायदा रद्द होऊन तोवर जवळपास अर्धशतक लोटले होते.

६/ आता खरा मुद्दा. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जमातीत मोडणाऱ्या फासेपारध्याला आपले कुटुंब ६ सप्टेंबर १९५० रोजी महाराष्ट्रात राहत होते हे दाखवावे लागते, विमुक्त जातींना २१ नोव्हेंबर १९६१ रोजी. जुना शाळेचा दाखला, सातबारा, महसुली नोंद आणा, असे सांगितले जाते. ज्याला गावाच्या शिवारात चार रात्री टिकू दिले नाही, त्याने सातबारा कोठून आणायचा? आणि १९४९ पर्यंत ज्यांचे नाव, जात, मुक्काम आणि बोटांचे ठसे सरकारी वहीत होते, त्यांच्याच नातवंडांना तेच सरकार विचारते: तुम्ही कोण, कशावरून? या भागात इतकी काटेकोर नोंद क्वचितच कोणाची ठेवली गेली असेल.

७/ राज्याच्या २००० सालच्या जात प्रमाणपत्र कायद्यातील कलम ८ नुसार पुराव्याचा भार दावेदारावर आहे. दाखला नाही तर राखीव जागेवर उमेदवारी नाही. शिवाय स्थानिक स्वराज्य संस्थांत विमुक्त-भटक्यांना स्वतंत्र जागा नाहीत. त्यांनी इतर मागासवर्गीयांच्या जागांवरच, जमीन आणि सोयरेधायरे असलेल्या जातींशी लढायचे. एवढे करून वर ‘हे लोक मुख्य प्रवाहात येत नाहीत’ ही तक्रार आहेच!

८/ ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातिभेद करणारी कलमे रद्द केली. विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार मानण्याची वसाहतवादी रीत त्या निकालात स्पष्ट शब्दांत नाकारली आहे. तुरुंगाचे झाले, तहसील कचेरीचे बाकी आहे. या जमातींपुरता कलम ८ चा भार उलटा करावा. पुराभिलेखागारांत आणि पोलिस ठाण्यांच्या कपाटांत हजेरीच्या ज्या वह्या उरल्या असतील, त्या सरकारने शोधाव्यात आणि दाखला नाकारायचा असेल तर त्याचा पुरावा सरकारने द्यावा.