मामाचा गाव गोडाऊनखाली गेला, तेव्हा

एप्रिल सरत आला की आमच्या भिवंडीतल्या गल्लीतली निम्मी पोरं एकेक करून दिसेनाशी होतात. लूमवर काम करणाऱ्यांची पोरं ‘मुलूक’ला जातात, म्हणजे आजमगढ, जौनपूरकडे. पद्मनगरातली तेलुगू घरं करीमनगर-वरंगलची वाट धरतात. कल्याणहून गाडी पकडायची आणि थेट शाळा उघडायच्या सुमाराला परतायचं. परततात ती पोरं काळवंडलेली, गुडघे फुटलेली आणि बोलण्यात दोन-चार नवे शब्द घेऊन. त्यांच्या घरी ‘यंदा कुठे जायचं?’ असं कुणी विचारत नाही. विचारतो आपण, गल्लीत उरलेले.

या स्तंभात आपण दर आठवड्याला घरातल्या पैशाचा आणि वेळेचा हिशेब मांडतो. दोन्ही एकाच झटक्यात वाया घालवायचे असतील तर लहान मुलांना घेऊन चुकीच्या सहलीला जावं. मी गेलेली आहे, म्हणून सांगते.

त्याआधी थोडं आजोळाबद्दल. माझं आजोळ काल्हेरचं. आता काल्हेर म्हटलं की लोकांना गोडाऊन आठवतं, पण माझ्या लहानपणी तिथे मामाची भातशेती होती आणि शेताच्या पलीकडे खाडी. मे महिन्यात शेतं कोरडी पडायची, ढेकळांतून अनवाणी पळायचं आणि ओहोटीला चिखलात निवट्या पकडायला जायचं. निवटी हातात येता येता निसटते, त्यामुळे दुपार कशी गेली ते कळायचं नाही. आम्हाला कुणी ‘एन्जॉय’ करायला लावत नव्हतं. मामी तिच्या कामात असायची, मामा त्याच्या. आज त्या शेतावर पत्र्याची शेड आहे, तिच्यात कुणाकुणाचे मिक्सर आणि मोबाइल ठेवलेले असतात. मामा आता तिथल्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. माया तीच आहे. पण माझी मुलं रिक्षाने अर्ध्या तासात पोहोचतात, टीव्हीसमोर बसतात आणि संध्याकाळी परत येतात. काल्हेर, कशेळी, पूर्णा, दापोडे, माणकोली, सगळीकडे कुणाचं ना कुणाचं आजोळ असंच शेडखाली गेलं आहे. जमिनीचे पैसे आले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मुलांची सुट्टी मात्र त्या व्यवहारात कुणी मोजली नाही.

म्हणून मग आपण ठिकाण निवडायला बसतो. आणि निवडतो कसं? दिराने मोबाइलवर बर्फातला फोटो टाकलेला असतो, त्यावरून.

तीन वर्षांपूर्वी आम्ही हिमाचलला गेलो. मुलगी पाच वर्षांची, मुलगा दोनचा. सहा रात्री, चार हॉटेलं, बरोबर तीस माणसं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण छापील कार्यक्रमात दिलेलं सगळं त्यांनी दाखवलं. फक्त दुपारचं जेवण चार वाजता मिळायचं. पाच वर्षांच्या पोटाला चार वाजता म्हणजे काय ते आईलाच माहीत. घाटात मुलीने तीनदा ओकलं. मुलगा आरामात होता. दोन वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांना सहसा गाडी लागत नाही. तो त्रास खरा होतो दोन ते बाराच्या मधल्यांना, आणि त्यात मान खाली घालून मोबाइल बघत बसवलं की झालंच. त्यांना खिडकीतून लांबचं काहीतरी बघत बसवावं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पाचव्या दिवशी नवऱ्याने मुलीला कडेवर घेऊन समोरचं शिखर दाखवलं. ती म्हणाली, “कालच्याच हॉटेलात जाऊ ना.”

परत आल्यावर शेजारणीने तिला विचारलं, काय काय बघितलंस? तर रेल्वेच्या डब्यातला नळ! खालून वर दाबला की पाणी येतं, सोडला की बंद. हिमाचलातून माझी मुलगी तो नळ घेऊन आली.

मी तेव्हा हसले, पण ते डोक्यातून गेलं नाही. हीच पोरगी रोज रात्री तीच गोष्ट मागते. एक शब्द इकडचा तिकडे केला तर ‘असं नाहीये’ म्हणून उठून बसते. जेवायला तीच ताटली लागते. अशा जिवाला आपण सहा दिवसांत चार अनोळखी खोल्यांत झोपवतो आणि वर म्हणतो, किती रडते! दरवर्षी नवं ठिकाण ही भूक मोठ्यांची. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ओळखीची जागा हवी असते. मामाचा गाव कुणी निवडलेला नव्हता, आणि तोच त्याचा मोठा गुण होता. तो दरवर्षी तोच असायचा. गेल्या वर्षी चढता न आलेल्या फांदीवर यंदा हात पोहोचायचा. आपण किती वाढलो ते मुलाला तिथेच कळायचं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. ज्यांचा मामाचा गाव गेला, त्यांनी एक नवा धरावा आणि दरवर्षी तिथेच जावं. मुलं दहा-अकराची होईपर्यंत तरी.

तो कुठला धरायचा, हे भिवंडीकराने किलोमीटरवर ठरवू नये. माणकोली नाक्यावर कंटेनरच्या रांगेत ज्याने लघवीला आलेलं पोर सांभाळलंय, त्याला कारण सांगायला नको. घराच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंत चार तास, त्यापलीकडचं नाव काढायचं नाही. आणि शक्यतो रेल्वेने, कारण डब्यात मूल उभं राहू शकतं, फिरू शकतं, नळ दाबू शकतं.

चार तासांत माथेरान येतं. कल्याणहून लोकलने नेरळ, आणि पुढे 1907 साली सुरू झालेली छोटी गाडी. वर मोटारींना बंदी आहे, त्यामुळे मुलाचा हात सोडून चालता येईल असा रस्ता मुलाला आयुष्यात पहिल्यांदा दिसतो. कडे मात्र उघडे आहेत, पॉइंटवर हात सोडू नये. छोट्या गाडीचं तिकीट मिळेलच असं नाही आणि मोटारी थांबतात त्या दस्तुरीहून लेकरू कडेवर घेऊन चालायची तयारी हवी. माझी नाही.

एका रात्रीचीच सवड असेल तर आपली वज्रेश्वरी आहे. हसू नका. भिवंडीकराला वज्रेश्वरी म्हणजे नवस फेडायची जागा वाटते, सुट्टीची नाही. पण चार वर्षांच्या मुलाच्या नजरेने बघा. देऊळ किल्ल्यासारखं, दारावर नगारखाना. वसईचा किल्ला मिळाला तर देवीचं देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी केला, 1739 मध्ये वसई पडली आणि मग हे देऊळ उभं राहिलं. पायऱ्या 52 सांगतात. आमच्या मुलांचा आकडा दरवेळी वेगळा येतो आणि त्यावरून खालपर्यंत भांडण चालतं, म्हणजे अर्धा तास बिनपैशाचा जातो. खाली अकलोलीला तानसा नदीकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत. जमिनीतून गरम पाणी येतं, हे मुलांना पटतच नाही. कुणीतरी चूल पेटवली असणार म्हणून माझा मुलगा कुंडामागे जाऊन बघून आला. कुंडाकुंडाचं पाणी कमीजास्त कढत असतं, तेव्हा आधी आपला हात घालून बघावा. मोठ्यांना सोसतं ते लहानांच्या कातडीला सोसेलच असं नाही. जायचं ते हिवाळ्यात. मे महिन्यात गरम कुंडात कोण उतरतं?

आम्ही धरलं ते केळवं. भिवंडी रोड स्टेशन गावात कित्येकांनी आतून पाहिलेलंही नाही, कारण दिवा-वसई मार्गावर प्रवासी गाड्या मोजक्याच. वेळ बघून निघावं लागतं. पण एकदा बसलं की खारबाव, कामण, जूचंद्र करत गाडी वसईला आणून सोडते. तिथून डहाणूकडची गाडी धरायची, केळवे रोडला उतरायचं आणि रिक्षाने गावात जायचं. पाचाच्या आतल्या मुलाला रेल्वेत तिकीट नाही. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं, आणि 17 मार्च 2023 पासून बायकांनाही अर्धं. घरात बायका-मुलं जास्त असतील तर हा हिशेब मोठा होतो. लांबच्या गाडीने जाणाऱ्यांना उलटा धक्का बसतो. 2016 पासून पाच ते बाराच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवी असेल तर पूर्ण भाडं पडतं. हिमाचलच्या त्या सहलीच्या पैशात आमच्या केळव्याच्या निदान सात खेपा झाल्या असत्या.

केळव्याला बघण्यासारखं काय आहे? फारसं काही नाही, आणि म्हणूनच आम्ही जातो. सुरूचं बन, लांब पुळण, वाळूतला लहानसा किल्ला, विड्याच्या पानांच्या वाड्या. शितलादेवीचं देऊळ आहे, त्यामुळे सासूबाईंची सहल सुफळ संपूर्ण होते. आम्ही घरगुती सोय बघून राहतो. हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं हे खरं, पण माझं कारण वेगळं आहे. सकाळी आठला मऊ भात आणि त्यावर तूप, असं सांगितलं की मिळतं, आणि तो मी शिजवलेला नसतो. ‘स्वयंपाकघर असलेला बंगला’ घेऊन सुट्टीला जाणाऱ्या बायकांबद्दल मला आदर आहे. पण त्यांची सुट्टी कोणत्या दिवशी असते?

समुद्राबद्दल एक गोष्ट सासऱ्यांनी शिकवली. ते खाडीकाठचे, आकडे त्यांना शाळेपेक्षा पाण्याने जास्त शिकवले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. आता बघा, अष्टमीच्या आसपास गेलात तर संध्याकाळी, म्हणजे मुलांना पुळणीवर न्यायच्या वेळेलाच, पाणी सुरूच्या बनाकडे सरकलेलं असतं. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला आणि ओहोटी सव्वापाचला. उन्हं उतरताना मैदानाएवढी ओली वाळू, शंख, खेकड्यांची बिळं. अमावास्येलाही तसंच, पण अमावास्येला प्रवास म्हटलं की आमच्या घरी चर्चा तिथेच संपते. मिनिटावर जाऊ नका, ढोबळ अंदाज आहे. पाण्यात मुलाचा हात सुटता कामा नये हे कुठल्याही तिथीला खरं. आणि 1 जूनला मासेमारी बंद होते त्यानंतर मुलांना घेऊन समुद्राला जाऊच नये. ज्या पाण्यात कोळी होडी घालत नाही तिथे आपण कोण?

माझ्या बहिणीला हे सगळं पटत नाही. दरवर्षी तेच केळवं दाखवून मुलं डबक्यातली बेडकं होतील, असं ती म्हणते. होतील का? गल्लीतली ती मुलूकवाली पोरं दरवर्षी त्याच एका गावात जातात, त्या गावातली झाडं, म्हशी आणि चुलते नावानिशी सांगतात. मला तर ती आमच्यापेक्षा जास्त हिंडलेली वाटतात. ताडोबा आहे, काश्मीर आहे, सगळं आपल्या जागी राहणार आहे. मुलगी अकराची झाली की ती स्वतः बॅग उचलेल, थंडी वाजली की सांगेल, आणि काय पाहिलं ते नळासकट लक्षात ठेवेल. तेव्हा नेऊ की.

खरी अडचण तारखांची आहे. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून साठ दिवस आधी उघडतं, आणि परीक्षा कधी संपणार ते शाळा वेळेवर सांगेल तर शपथ. 2025 मध्ये परीक्षा एप्रिलच्या शेवटापर्यंत लांबल्या तेव्हा कित्येकांची काढलेली तिकिटं रद्द झाली. दिवाळीत जावं म्हटलं तर गोडाऊनमध्ये काम करणाऱ्यांना तेव्हाच रजा मिळत नाही. सगळा देश मोबाइलवर खरेदी करत असतो आणि ते सामान आपल्या भिवंडीतून निघतं. माझा नवरा माणकोलीला सुपरवायझर आहे. आमच्या घरी दसरा ते दिवाळी बाबा फक्त झोपायला येतो. त्यामुळे उरतो मे.

यंदाची तारीख मुलीने काढली. ती आठ वर्षांची आहे आणि आजोबांनी तिला पाऊणकी शिकवली आहे. भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवून ती जमिनीवर पालथी पडली आणि बोटं मोजायला लागली. पौर्णिमा नको म्हणाली, बुद्धपौर्णिमेची सुट्टी, पुळणीवर गर्दी असेल. दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदा. एक पाऊण पाऊण. भरती पाऊणला, ओहोटी पावणेसातला, सूर्य बुडताना.

बाबाने तिथेच बसून रजेचा अर्ज भरायला घेतला. कारणाच्या रकान्यात तो ‘घरगुती’ लिहिणार होता. तिने त्याच्या हातातलं पेन धरलं.

“बाबा, ओहोटी लिही ना.”